पैऱ्याचा माणूस

शिवगंगानं उंबऱ्याबाहेर पाण्याची घागर आणि साबणाची वडी ठेवली, त्याला वर्ष होत आलं होतं. घागरीच्या बुडाला शेवाळ धरलं होतं. पण हात धुतल्याशिवाय त्या घरात माणूस शिरला नव्हता. तिचा नवरा शशिधरसुद्धा नाही. तो डेअरीचा टेम्पो चालवायचा. गावोगावचं दूध गोळा करून दुपारी आला, की गोठ्यामागं कपडे काढून गरम पाण्यात बुडवायचा, अंघोळ करायचा आणि म्हशीशेजारच्या बाजेवर जेवायला बसायचा. झोपायचाही तिथंच. शिवगंगा ताट दगडावर ठेवून मागं सरायची.

"बायकू हाईस का जेलर?" असं तो सुरुवातीला म्हणायचा. पुढं म्हणायचा बंद झाला.

हे सगळं चाललं होतं अप्पांसाठी. वीरभद्र अप्पा, तिचे सासरे. सत्तरी ओलांडलेली, पण हाडापेरानं दांडगं माणूस. दमा मात्र तरुणपणापासूनचा. कुणी उसाचा पाला पेटवला की इकडं त्यांची छाती वाजायला लागायची. शिवगंगा सकाळी उठल्या उठल्या त्यांना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावी. मग सुंठ, मिरी, गवती चहाचा काढा. दुपारी ओव्याची वाफ. घोंगड्याखाली पातेलं घेऊन अप्पा बसायचे आणि आतून शिव्या द्यायचे.

"गंगव्वा, माणूस हाय मी. बांधलेलं रेडकू न्हवं."

"रेडकू परवडलं. ते ऐकतंय तरी," ती म्हणायची आणि घोंगड्याची कड खाली ओढायची.

ती अशी का झाली ते घरात सगळ्यांना माहीत होतं. आदल्या श्रावणात तिचा धाकटा भाऊ सोमेश बेळगावात साथीत वारला. अंगात ताप असलेला माणूस आपल्या पायानं दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. तोंडसुद्धा दिसलं नाही. त्यांच्या लिंगायत समाजात माणसाला बसवून, कपाळाला भस्म लावून मातीत देतात. सोमेशला प्लॅस्टिकात गुंडाळून जाळलं. ते शिवगंगाला फोनवर कळलं तेव्हा ती शेणी थापत होती. तिनं हात धुतले, आणि तेव्हापासून ती हात धूतच राहिली.

अप्पांना एवढ्या बंदोबस्तातही एक माणूस रोज भेटायचा. जोतीराम.

जोतीराम हा अप्पांचा पैऱ्याचा माणूस. दोघांची शेतं बांधाला बांध. दोघांकडंही एकेकच बैल. एका बैलानं नांगरट होत नाही, म्हणून दोघांनी बैल एका जुवाखाली आणले. आज वीरभद्राचं रान, उद्या जोतीरामाचं. असं सबंध तारुण्य गेलं. मग ट्रॅक्टर आला, बैल गेले, पैरा मोडला. पण जोतीरामाचं येणं मोडलं नाही. सकाळी म्हशीची धार निघाली की तो काठी टेकत यायचा, पायरीवर बसायचा. शिवगंगा दोन कप चहा करायची. रोगाच्या पहिल्या वर्षी तिनं एवढंच केलं, की जोतीरामाला पायरीच्या खालच्या दगडावर आणि अप्पांना दाराच्या आत बसवलं. दोघं पावसापाण्याचं बोलायचे, नाहीतर काहीच न बोलता बसायचे.

दुसऱ्या वर्षी चैत्रात रोग पुन्हा उठला. यंदा तो म्हाताऱ्याकोताऱ्यांवर थांबला नाही. वरच्या आळीत दोन कर्ते पुरुष पाठोपाठ गेले. वेशीत बाभळीच्या काट्या पडल्या. आशाताई सुरेखा घरोघर बोटाला यंत्र लावत फिरत होती. ती शिवगंगाच्या अंगणात उभी राहून म्हणाली, "वैनी, म्हाताऱ्याला जपा. आवंदा लई वंगाळ हाय. कुणाला पायरीबी चढू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी जोतीराम आला. अप्पा आत घोंगड्याखाली वाफ घेत होते. जोतीराम दगडावर टेकला आणि खाकरला. एकदा, मग पुन्हा एकदा.

शिवगंगाच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खाली ठेवला.

"मामा, कुठं गेलतासा काल?"

"वरल्या आळीला. त्या मेलेल्या पोराच्या बाला भेटून आलो. लांबनंच भेटलो."

"मामा," ती म्हणाली, "तुमच्या पाया पडतो, पर उद्यापासनं हिकडं येऊ नका. तुम्ही चार घरं हिंडता. अप्पांचा दमा तुम्हाला ठावं हाय. त्यांना काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

जोतीरामानं वर बघितलं. त्याच्या तोंडाला उपरणं गुंडाळलेलं होतं, वरचे डोळे तेवढे दिसत होते.

"व्हय पोरी," तो म्हणाला. "बराबर हाय तुजं."

तो गुडघ्यावर हात देऊन उठला आणि निघाला. तो बोळात वळतोय तोच शिवगंगानं बादली आणली, फिनेलचं पाणी त्या दगडावर ओतलं आणि खराट्यानं खसाखसा घासायला लागली. मान वर केली तर जोतीराम परत येऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"काठी राहिली," तो म्हणाला.

काठी पायरीला टेकून होती. शिवगंगाचा हात पुढं झाला आणि तसाच थांबला. मग तिनं खराट्याच्या टोकानं काठी त्याच्याकडं सरकवली. काठी घरंगळत त्या पाण्यातून त्याच्या पायापाशी गेली. जोतीराम वाकला, त्यानं ती उचलली, उपरण्याच्या शेवटानं पुसली आणि गेला.

आत अप्पा घोंगड्यातून बाहेर आले. तोंड लाल झालं होतं, घाम गळत होता. "जोत्या आला न्हाई व्हय अजून?"

"न्हाईत आले," शिवगंगा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी विचारलं, एकच कप कशाला केलास. ती म्हणाली, येईनात ते, भ्यालं असतील. त्यावर अप्पा हसले. "जोत्या? भित्तंय? नदीला म्हापूर असताना त्या बेण्यानं बैल हिकडं आणलाय पव्हत." आणखी थोड्या दिवसांनी ते हसायचे थांबले. "रुसलं जणू. काय बोललो का मी त्येला?" ते स्वतःशीच आठवत बसायचे. मग राग यायचा. "न्हाई येत तर न्हाई येऊ दे. मी काय बोलवाय जात न्हाई."

शिवगंगा शेणी थापायची, म्हशीला वैरण टाकायची, उंबऱ्याबाहेरची घागर भरून ठेवायची.

अप्पांना ना ताप आला, ना खोकला.

सुरेखा पुन्हा आली ती बातमी घेऊनच. जोतीरामाला ताप होता. त्याची बायको धोंडुबाई गुडघ्यानं अधू, घरात सरकत चालायची. मुलगा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला, तिथंच अडकलेला. एका खणाचं घर. म्हातारीला लागू नये म्हणून जोतीराम आपलं अंथरूण उचलून रानातल्या मोटरेच्या खोलीत जाऊन राहिला होता.

"मी गोळ्या दिल्यात," सुरेखा म्हणाली. "पर पोटात कोण घालणार? भावकीतलं कुणी जाईना. म्हातारी चुलीम्होरं बसून रडाय लागलीया."

सुरेखा गेल्यावर शिवगंगानं पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी तिनं दोन घरच्या भाकरी थापल्या.

धोंडुबाईचा डबा तिच्या दारात ठेवून ती रानात गेली. ऊन असं होतं, की बांधावरची हराळीसुद्धा पांढरी पडली होती. मोटरेच्या खोलीला एकच दार. पुढं कडुनिंब. जोतीराम दारात पोत्यावर बसला होता, अंगावर भर उन्हात घोंगडं.

"थांब! तिथंच थांब," तो ओरडला. त्या ओरडण्यानं त्याला खोकला लागला. बराच वेळ तो खोकत राहिला. शिवगंगा बांधावर डबा घेऊन उभी राहिली.

"दगडावर ठेव आन जा. वाऱ्याच्या वरल्या अंगानं जा."

तिनं डबा ठेवला. पण ती गेली नाही.

"मामा, त्या दिवशी मी..."

"वीरभद्र बरा हाय?"

"हाईत."

"खोकतोय?"

"न्हाई."

"मग झालं," जोतीराम म्हणाला. "त्येला सांगू नगंस मी हितं हाय ते. उठून पळत यील. त्येच्या छातीला ह्यो रोग झेपायचा न्हाई."

तिला सुटल्यासारखं वाटलं. आता तिनं अप्पांना सांगितलं नाही, तर तो जोतीरामाचा शब्द होता, तिचा नव्हता. आणि हे आपल्याला बरं वाटलं, याचीच तिला परतताना बांधावर लाज वाटली.

ती रोज जायला लागली. घरी गवताला जाते म्हणून सांगायची, आणि खरंच गवताचा भारा आणायची. येताना विहिरीवर अंगावरच्या लुगड्यानिशी अंघोळ करायची आणि ओल्यानंच घरी यायची. शशिधरनं एकदा बघितलं. तो बाजेवर बसून होता.

"जोतीराममामाकडं जातीस न्हवं?"

"व्हय."

"आन तुला काय झालं म्हंजे?"

"तुमच्याकडं गोठ्यात येतो मग ऱ्हायला," ती म्हणाली. तो हसला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं दुधाची एक बाटली तिच्या पिशवीशेजारी ठेवायला सुरुवात केली.

जोतीराम आधी भाकरी खायचा. मग ताकात कुस्करून. मग नुसतं ताक. बोलायला त्याला दम पुरेना. तरी तो एखादं वाक्य बोलायचाच. उसाच्या खोडव्याला पाणी झालं. रात्री कोल्हं आलतं. वीरभद्राच्या बाजूचा बांध ढासळलाय, पावसाआधी घालून घ्या म्हणावं. शिवगंगा मान हलवायची. हे सगळं अप्पांना सांगायचं होतं, आणि सांगता येत नव्हतं. घरी अप्पा म्हणायचे, "जोत्या दिसला तर म्हणावं, वीरभद्र अजून मेला न्हाई." तेही तिला जोतीरामापुढं बोलता येत नव्हतं. दोघांचे निरोप तिच्यापाशी येऊन पडत होते.

एका दुपारी ती गेली तर तो दारात नव्हता. तिनं हाक मारली. आतून घरघर ऐकू आली. आदल्या दिवशीचा डबा दगडावर तसाच होता, मुंग्या लागलेला. शिवगंगानं पदर तोंडाला घट्ट बांधला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा बांध ओलांडला. जोतीराम मोटरेच्या पेटीला टेकून बसला होता. ओठ जांभळे पडले होते. तिनं त्याचा हात हातात घेतला. नखंही तशीच झाली होती. तो हात सोडवून घ्यायला बघत होता, पण तेवढी ताकद नव्हती.

तिनं सुरेखाला फोन केला. सुरेखानं येऊन बोटाला यंत्र लावलं, आकडा बघितला आणि शिवगंगाकडं न बघता ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

गाडी यायला वेळ लागला. तोवर शिवगंगा त्याला वारा घालत बसली. एकदा त्यानं डोळे उघडले.

"मामा, माझं चुकलं," ती म्हणाली. "त्या दिवशी मी काठी हातानं द्याय पायजे हुती."

त्यानं ऐकलं की नाही, तिला कळलं नाही. त्याचं सगळं लक्ष पुढचा श्वास आत घेण्यात होतं.

अंगभर पांढरा पोशाख घातलेल्या दोघांनी त्याला गाडीत चढवलं. गाडी अप्पांच्या घरावरूनच गेली. शिवगंगा मागून चालत आली तेव्हा अप्पा खिडकीत उभे होते.

"कोण गं नेलं?"

"वरल्या आळीचं कोणतरी," ती म्हणाली आणि अंघोळीला गेली. त्या दिवसापासून ती अप्पांचं ताट उंबऱ्याबाहेरूनच आत सरकवायला लागली, आणि स्वतः परसात, चुलीच्या छपरात झोपायला लागली. अप्पांनी विचारलं तर म्हणाली, अंग कसनुसं करतंय, चार दिवस लांब बरी.

तिला काही झालं नाही. जोतीराम मात्र गडहिंग्लजला गेला तो गेलाच. शशिधरला डेअरीत कळलं. इचलकरंजीहून मुलगा आला, त्यानं लांबून हात जोडले, पालिकेच्या माणसांनीच अग्नी दिला. अस्थीसुद्धा गावात कुणी आणल्या नाहीत.

शशिधर म्हणाला, "अप्पांना मी सांगतो."

"नगं," शिवगंगा म्हणाली. "ते माझं हाय."

अप्पा माजघरात बियाण्याच्या शेंगा फोडत बसले होते. पेरणी जवळ आली होती. एका बाजूला टरफलांचा ढीग, दुसऱ्या बाजूला सुपात दाणे. ती दारात बसली आणि तिनं सांगितलं. आधी मेल्याचं सांगितलं. मग मोटरेच्या खोलीचं. मग उलटं जात जात त्या सकाळपर्यंत आली आणि थांबली.

अप्पांच्या बोटात शेंग तशीच होती.

"काय म्हणालीस त्येला? शब्द सांग."

"उद्यापासनं येऊ नका म्हणालो."

"आन?"

"तुम्ही चार घरं हिंडता म्हणालो."

"त्यो काय म्हणाला?"

"बराबर हाय तुजं, म्हणाले."

"आन?"

अप्पा थांबले. शेवटी तिनं तेही सांगितलं. फिनेलचं पाणी, खराटा, काठी. सांगताना तिचा हात आपोआप खराटा धरल्यासारखा झाला. ते तिला दिसलं आणि तिनं हात मांडीखाली घेतला.

अप्पांनी शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. मग दुसरी घेतली. संध्याकाळपर्यंत ते शेंगा फोडत राहिले. अंगठ्याच्या पेराला रक्त आलं तरी उठले नाहीत.

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. जेवायचे. काढा पुढं ठेवला की प्यायचे. वाफेचं पातेलं ठेवलं की न सांगता घोंगडं ओढून घ्यायचे, आणि घोंगड्यातून एक शिवी बाहेर यायची नाही. शिवगंगा चुलीपाशी बसून कान देऊन ऐकायची. त्यांनी एकदा तरी ओरडावं, पातेलं लाथाडावं असं तिला वाटायचं.

धोंडुबाईची तपासणी झाली, तिला काही नव्हतं. जोतीरामाचं दिवसकार्य झालं. मुलगा परत मागावर गेला. तेव्हा एका सकाळी अप्पांनी धुतलेलं धोतर नेसलं, पटका बांधला, तोंडाला फडकं लावलं आणि उंबऱ्यात उभे राहिले. जवळजवळ वर्षानंतर ते घराबाहेर पडत होते. शिवगंगानं अडवलं नाही. तिनं डबा भरून घेतला आणि मागोमाग निघाली.

बोळातलं ऊन अप्पांना सोसेना. ते भिंतीला हात लावत चालले. धोंडुबाई दारात बसली होती, कपाळ मोकळं. तिनं अप्पांना बघितलं आणि पदर तोंडात घातला. अप्पा अंगणात, लांब, जमिनीवरच बसले. शिवगंगानं डबा उंबऱ्यावर ठेवला. धोंडुबाईनं डब्याला हात लावला नाही.



"आता आलासा?" धोंडुबाई म्हणाली.

"आता आलो."

"रोज यायचं त्ये तुमच्याकडं. एक दिस आल्यावर म्हणालं, आता जायाचं न्हाई. का म्हणून इचारलं, तर सांगिना. मग ताप चढल्यावर बरळाय लागलं. काठी, काठी म्हणायचं." तिनं शिवगंगाकडं बघितलं. "खराट्यानं सरकावलीस म्हणं."

शिवगंगा पुढं झाली. "आत्ती, मी..."

"गप," अप्पा म्हणाले. कितीतरी दिवसांनी तिच्याशी बोललेला तो पहिला शब्द. मग ते धोंडुबाईकडं वळले. "तिला काय इचारतीस? मी सांगितलं तिला. म्हणलं, जोत्याला दारात उभा करू नगं. मराणाचं भ्या वाटलं मला."

"तुमी?"

"मी."

"आन खराटा?"

अप्पांची छाती वाजायला लागली होती. त्यांनी फडकं जरा खाली ओढलं.

"व्हय," ते म्हणाले. "त्येबी मीच सांगितलं. हात लावू नगं म्हणलं."

धोंडुबाई त्यांच्याकडं बघत राहिली. एका जुवाखाली ज्याचा बैल चालला, त्या माणसाकडं ती अशी बघत होती, जणू तो कुठल्या परगावचा होता.

"थू तुमच्या जिनगानीवर," ती म्हणाली.

अप्पांनी मान हलवली. हात टेकून उठले. अप्पांनी तिच्या दंडाला धरून तिला अंगणाबाहेर काढलं. वळून बघितलं तेव्हा धोंडुबाई रडत होती, आणि रडत रडत तिनं डबा मांडीवर ओढून घेतला होता.

देवळाच्या पारापर्यंत आल्यावर अप्पांना चालवेना. ते पारावर टेकले. शिवगंगानं त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला दम्याचा पंप काढून त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी दोनदा ओढला. छाती हळूहळू खाली बसली.

"अप्पा, कशाला असं म्हणालासा?" ती रडत होती. "माझं हुतं ते. मी जाऊन सांगतो तिला."

"आन मग?"

तिनं पदरानं डोळे पुसले.

"म्हातारी अधू हाय. ल्योक हितं न्हाई. उद्यापासनं तिला भाकरी कोण घालणार?" अप्पा एकेक शब्द श्वास घेऊन बोलत होते. "मी? माझं किती दिस उरलं. तुझ्या हातचं खायाचं हाय तिला. माझ्या नावानं थुकली तर काय बिघडलं?"

समोरून दूध घालून एक बाई आली, अप्पांना बघून थांबली, मग लांबून वळसा घालून गेली. अप्पांनी फडकं नीट केलं, शिवगंगाच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले. त्यांचं सगळं वजन तिच्यावर आलं.

"कोरड्यास तिखट करू नगं तिला," ते म्हणाले. "आन भाकरी मऊ थाप."